जाम झालेला बोल्ट, सुटलेल्या गोष्टी

१० मिलिमीटर जाडीचा एक बोल्ट घ्या. त्याच्या डोक्यावर ८.८ असा आकडा कोरलेला असेल, तर तुटण्याआधी तो साधारण पावणेपाच टनांचा ताण सोसतो. दोन थार गाड्या एकाखाली एक टांगल्या तरी हा पठ्ठ्या तग धरेल! आता याच बोल्टाला चहूबाजूंनी फक्त एक मिलिमीटर गंज खाऊ द्या. चाळीस टक्के ताकद गेलीच म्हणून समजा. वरून डोकं जसंच्या तसं दिसतं, रंगही शाबूत असतो, पण आत, बॉडीखालच्या रबराच्या पोटात बोल्ट कंबरेत बारीक होत गेलेला असतो.

जीप, कमांडर, जिप्सी, जोंगा, गुरखा, थार. डोंगरदऱ्यांत, चिखलात आणि पाणंद रस्त्यांवर पळणाऱ्या या गाड्यांची बॉडी चासीवर अशाच मोजक्या बोल्टांनी बसवलेली असते. इंजिन किती ताकदीचं, टायर किती रुंद, यावर मालक तासन् तास बोलतात. बॉडी बोल्टाची आठवण मात्र तो तुटल्यावर येते. अहिल्यानगर जिल्ह्यात तर गाड्यांचा, लष्कराचा आणि लोखंडाचा मोठा गोतावळा आहे. त्यामुळे या गंजक्या बोल्टाच्या मागे लागलं की एकेक भन्नाट गोष्ट हाती येते.

पाऊस थोडा, गंज फार

नगर शहरात वर्षाला सहाशे मिलिमीटरच्या आतबाहेर पाऊस पडतो. त्याच जिल्ह्यात, अकोले तालुक्यातल्या घाटघर-रतनवाडीकडे तो पाच हजारांवर जातो. कळसूबाईच्या पायथ्याशी गाडी चार महिने न्हाऊन निघते आणि जामखेड-कर्जतकडची गाडी ढगाकडे बघत बसते. मग गंजण्यात अकोल्याची गाडी पहिली आणि कर्जतची शेवटची असायला हवी ना? तसं सरळ गणित नाही.

लोखंडाला गंजायला धो धो पाऊस लागत नाही. पाण्याचा पातळसा थर आणि हवेतला ऑक्सिजन पुरतो. हवेतली आर्द्रता साठ टक्क्यांच्या वर गेली की गंजण्याचा वेग झपाट्याने वाढतो. त्यात मीठ किंवा आम्ल मिसळलं की विचारायलाच नको. कोपरगाव, श्रीरामपूर, नेवाशाकडची काळी माती चासीच्या पोकळीत एकदा घुसली की आठवडेच्या आठवडे ओल धरून बसते. वरचा पत्रा उन्हात तापून कोरडा ठणठणीत होतो, पण बॉडी बोल्टाच्या कडेचा चिखल आतून ओलाच राहतो. अकोल्याच्या गाडीवर पाणी पडतं ते वाहून तरी जातं. काळ्या मातीतली गाडी मात्र ओली लंगोटी नेसून उभी असते.

त्यावर आपल्या शेतीचा मसाला. युरियाच्या आणि पोटॅशच्या गोण्या मागच्या हौद्यात फाटतात, सांडतात, आणि त्यांचे कण फ्लोअरच्या भोकांतून थेट बोल्टाच्या डोक्यावर उतरतात. शेतीतलं नेहमीचं पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, मिठाचा सख्खा भाऊ. संगमनेर-राहाता पट्ट्यात दुधाच्या कॅनमधून सांडलेलं दूध आंबून लॅक्टिक आम्ल तयार होतं. तेही पत्र्याच्या सांध्यांत मुरतं. दूध वाहणाऱ्या गाडीचा हौदा रोज धुणारे पुष्कळ आहेत, पण त्या हौद्याखाली पाण्याची नळी फिरवणारे मोजकेच.

जुनी गाडी घ्यायची असेल तर एक सांगतो. मुरूड, हर्णै, अलिबागच्या किनाऱ्यावर वाळूत फिरवलेली गाडी स्वस्त मिळाली म्हणून हुरळून जाऊ नका. आधी खाली झोपून बॉडीचे बोल्ट बघा. खाऱ्या वाऱ्याने केलेला उद्योग रंगाखाली लपतो, बोल्टावर लपत नाही.

रबरावर बसलेली बॉडी

अशा गाड्यांची चासी वेगळी आणि बॉडी वेगळी. दोघींच्या मध्ये रबराचे बुश असतात, रबराच्या पोटात लोखंडी नळी आणि त्या नळीतून आरपार गेलेला बोल्ट. खरी गंमत या नळीतच आहे. बोल्ट जाम होतो तेव्हा आपण नटाला शिव्या घालतो, पण कित्येकदा नट निमूट सुटतो आणि बोल्ट नळीला धरून बसलेला असतो. वरून झिरपलेलं पाणी नळीत साचतं, खाली वाट नसते, आणि बोल्ट व नळी गंजून एकजीव होतात.

दुसरी गंमत विजेची. रबरातून वीज जात नाही. म्हणजे रबरावर बसलेली बॉडी एका अर्थाने चासीपासून तुटलेलीच असते. म्हणून दोघींना जोडणारी अर्थिंगची पट्टी वेगळी लावलेली असते आणि तीही एका लहानशा बोल्टानेच आवळलेली असते. तो गंजला की हेडलाइट मंद होतात, इंडिकेटर लावला की भलताच दिवा लुकलुकतो, डिझेलचा काटा वाटेल ते दाखवतो. मालक बॅटरी बदलतो, वायरिंगवाल्याकडे जातो, आणि दुखणं असतं दहा-वीस रुपयांच्या बोल्टात.

लक्षणंही ओळखीची. गतिरोधकावरून जाताना खालून ‘खट्’ आवाज येतो. दरवाजा उचलून लावावा लागतो. बंपर आणि बॉडी यांच्यातली फट एका बाजूला जास्त दिसायला लागते. तिन्ही एकदम दिसली तर गॅरेजची वाट धराच.

डोक्यावरचं भविष्य

बोल्टाच्या डोक्यावरचा आकडा म्हणजे त्याची जन्मपत्रिका. ८.८ मधला पहिला ८ सांगतो की दर चौरस मिलिमीटरला साधारण ८०० न्यूटन ताण आला की हा तुटणार. टिंबानंतरचा ८ सांगतो की त्याच्या ऐंशी टक्क्यांवर, म्हणजे ६४० ला, हा कायमचा ताणला जाणार. १०.९ म्हणजे हजार आणि नव्वद टक्के. बस, इतकं सोपं. डोकं कोरं असेल तर तो बोल्ट बॉडी बसवायला नको.

फोर्डचा ‘एफ’

जीपचा जन्म घाईत झाला. अमेरिकी सैन्याला हलकी, चारही चाकं ओढणारी गाडी हवी होती. बँटम नावाच्या छोट्या कंपनीने कार्ल प्रॉब्स्ट या अभियंत्याच्या मदतीने अवघ्या ४९ दिवसांत नमुना उभा केला आणि सप्टेंबर १९४० मध्ये तो मेरिलँडच्या लष्करी तळावर नेऊन दिला. कंत्राटाचा मोठा घास मात्र विलीज आणि फोर्ड यांनी घेतला. आराखडा एकच, कारखाने दोन. फोर्डने पावणेतीन लाखांच्या आसपास जीप बनवल्या आणि आपला माल ओळखू यावा म्हणून भागांवर ‘एफ’ हे अक्षर ठोकलं. अगदी बोल्टाच्या डोक्यावरसुद्धा!

आज जुनी फोर्ड जीप मूळ रूपात उभी करणारे हौशी लोक जगभर या ‘एफ’ छापाच्या बोल्टांच्या मागे असतात. गंजलेला असला तरी फेकत नाहीत, साफ करून पुन्हा बसवतात. जगात इतक्या प्रेमाने जपलेला दुसरा गंजका बोल्ट नसेल.

आपल्याकडे जीप आणली महिंद्रांनी. १९४५ मध्ये सुरू झालेली ही कंपनी आधी पोलादाचा व्यापार करायची. चाळीसच्या दशकाच्या शेवटी मुंबईत माझगावला तिने विलीजच्या जीप जोडायला घेतल्या आणि बघता बघता पंचायत समितीची जीप, साखर कारखान्याची जीप, पोलिसांची जीप गावोगाव धुरळा उडवू लागली. आज थार तयार होते नाशिकला, नगरच्या शेजारच्याच जिल्ह्यात. जीप रँग्लर जोडली जाते रांजणगावला, म्हणजे नगर-पुणे रस्त्यावरच. आणि गुरखा बनवणाऱ्या फोर्स मोटर्सचे संस्थापक न. कु. फिरोदिया हे मूळचे नगरचे. दणकट गाड्यांचा असा शेजार दुसऱ्या कुठल्या जिल्ह्याला आहे, दाखवा बघू!

रणगाड्यांच्या अंगणात

नगरला येऊन रणगाडा संग्रहालय पाहिलं नाही, असं होऊ देऊ नका. आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलने १९९४ मध्ये ते उभारलं. तिथे रोल्स रॉइसच्या सिल्व्हर घोस्टवर चढवलेली चिलखती गाडी आहे, माटिल्डा, व्हॅलेंटाइन, चर्चिल असे ब्रिटिश रणगाडे आहेत, अमेरिकी शर्मन आहे, १९६५ च्या युद्धाची आठवण देणारे पॅटन आहेत, रशियन पीटी-७६ आहे. बहुतेक पाहुणे तोफेच्या नळीसमोर उभे राहून फोटो काढतात आणि पुढे जातात. तुम्ही जरा जवळ जा आणि पत्रे एकमेकांना कशाने जोडलेत ते पाहा.

जुन्या रणगाड्यांचं चिलखत रिव्हेट आणि बोल्ट मारून जोडलेलं असे. व्हॅलेंटाइनच्या अंगावर ती गोल डोकी ओळीने दिसतात. यात जीवघेणा धोका होता. बाहेरून गोळा आदळला की चिलखत न फुटताही रिव्हेटचं डोकं तुटून आत गोळीसारखं उडायचं आणि आतले सैनिक जखमी व्हायचे. याच अनुभवातून रणगाड्यांची बांधणी वेल्डिंगकडे आणि ओतीव चिलखताकडे वळली. शर्मनचं अंग गुळगुळीत का, याचं उत्तर व्हॅलेंटाइनच्या अंगावर आहे. दोन्ही एकाच आवारात पाहायला मिळतात, हे आपलं भाग्य.

आणखी एक गोष्ट डोळ्यांना दिसत नाही, पण पाना हातात घेतला की कळते. त्या काळचे ब्रिटिश रणगाडे, अमेरिकी रणगाडे आणि रशियन रणगाडे यांचे आटे एकमेकांशी जुळत नाहीत. ब्रिटनमध्ये जोसेफ व्हिटवर्थने १८४१ मध्ये आट्यांचं पहिलं राष्ट्रीय माप ठरवलं, त्याचा कोन ५५ अंश. अमेरिकेने विल्यम सेलर्सचं १८६४ चं माप उचललं, त्याचा कोन ६० अंश. दुसऱ्या महायुद्धात दोन्ही देश एकाच बाजूने लढत होते, पण एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टावर चढत नव्हता! आघाडीवर सुट्या भागांचे दोन-दोन साठे ठेवावे लागले. अखेर नोव्हेंबर १९४८ मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी एकत्र बसून एकच माप मान्य केलं. रशियन रणगाडे तर मिलिमीटरवाले. म्हणजे नगरच्या या अंगणात आट्यांचा सगळा इतिहास नांदतो आहे.

तीन सुती, दहाचा आणि घोटाळा

हार्डवेअरच्या दुकानात आजही सुताचं राज्य आहे. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. तीन सुती बोल्ट म्हणजे साडेनऊ मिलिमीटर. तो १० मिलिमीटरच्या नटात घातला तर बसल्यासारखा वाटतो, दोन-तीन आटे फिरतोही, आणि मग एकतर अडतो किंवा ढिला लोंबतो. दोघांच्या आट्यांमधलं अंतर वेगळं असतं. जुन्या जीपला सुताचे बोल्ट, नव्या थारला मिलिमीटरचे. दुकानात जाताना जुना बोल्ट खिशात घेऊन जा, म्हणजे घोटाळा टळेल.

पान्यांच्या जोड्यांवरचे आकडे तर गॅरेजातल्या पोरांना पाढ्यांसारखे पाठ असतात: १०-११, १२-१३, १४-१५, १६-१७. आणि त्या पान्यांवर टपारिया हे नाव असेल तर तो पाना नाशिकच्या सातपूरचा. आणलाच घरचा माणूस मदतीला!

सोडायच्या आधी आवळा

मनमाड रस्त्यावरचं एक गॅरेज. राहुरीकडच्या एका शेतकऱ्याची जुनी कमांडर आत घेतलेली. बॉडीचे रबर बसले आहेत, बोल्ट लालबुंद गंजलेत. मिस्त्री पाठीवर सरकत गाडीखाली जातात. आधी तारेच्या ब्रशने नटाबाहेर आलेले आटे घासून काढतात. लाल भुकटी चेहऱ्यावर पडू नये म्हणून मान एका अंगाला. मग जाम सोडवायचं तेल मारतात आणि चहा सांगतात. चहा हा या कामाचा अधिकृत टप्पा आहे, कारण तेलाला आट्यांत उतरायला वेळ लागतो.

चहानंतर रिंग पाना चढतो. मालक पुढे होऊन दांड्याला हात घालतात, तसे मिस्त्री खालूनच ओरडतात, “भाऊ, थांबा! लगेच सोडायला नका जाऊ. आधी जरासा आवळा.”

“आवळू? आधीच जाम झालाय की हो!”

“त्याच्यासाठीच तर. जरासा आवळला की गंजाची पकड मोडती. मग सोडा.”

मालक पाना आवळण्याच्या दिशेला ढकलतात. काहीच होत नाही. मिस्त्री नटावर हातोडीचे चार ठोके घालतात, जोरात नाही, टणटणीत. पुन्हा पाना. या वेळी ‘कट्’ असा कोरडा आवाज येतो, आणि नटाच्या कडेने गंजाची बारीक धार खाली सांडते. आता उलट दिशेने पाव फेरा, परत अर्धा पाव मागे, थोडं तेल, पुन्हा पाव फेरा. एका दमात नट काढत नाहीत. मागेपुढे करत गंजाचा चुरा बाहेर येऊ देतात, नाहीतर तोच चुरा पुढच्या आट्यात पाचर होऊन बसतो.

हे सगळं शास्त्राला धरून आहे. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, कधीकधी मूळ लोखंडाच्या सहापट. नट आणि बोल्ट यांच्यातल्या केसभर फटीत तो फुगतो आणि आतून दाबत राहतो. ठोक्याने तो कण कण तडकतो, उलटसुलट फिरवल्याने त्याचा भुगा होतो.

बंपरच्या ब्रॅकेटचा बोल्ट मात्र ठोक्यालाही दाद देत नाही. तिथे रबर नाही, डिझेलची नळीही लांब आहे, म्हणून मिस्त्री गॅसची ज्योत घेतात आणि फक्त नट तापवतात. बोल्टाला शक्यतो झळ लागू देत नाहीत. तापमान ३०० अंशांनी वाढलं की १० मिलिमीटरच्या नटाचं भोक ०.०३६ मिलिमीटरने मोठं होतं. माणसाच्या केसाच्या जाडीच्या निम्मं! पण गंजाची पकड सुटायला तेवढं पुरतं. ज्योत बाजूला करून मिस्त्री नटाच्या तोंडाशी साधी मेणबत्ती टेकवतात. मेण वितळून सर्रकन आत ओढलं जातं, पान्याला झटका बसतो आणि नट फिरतो. मालकांच्या तोंडून “आयला!” निघतं.

बोल्टाचं डोकं उडालंच तर? उरलेल्या खुंटावर नवा नट ठेवून आतून वेल्डिंग मारायचं. पकडायला डोकं मिळतं आणि वेल्डिंगच्या उष्णतेने गंजही सैल होतो. एका कामात दोन कामं. तेही जमलं नाही तर ड्रिल मारून नवे आटे पाडायचे. सगळ्यात छळतो तो बॉडीच्या बंद पेटीत वेल्ड केलेला नट. त्याचा टाका तुटला की बोल्टाबरोबर नटही गरागरा फिरतो आणि हात तिथपर्यंत पोचत नाही. मग फ्लोअरला चौकोनी खिडकी कापा, आत पाना घाला, काम झालं की पत्रा परत बसवा. धीर सोडायचा नाही.

१९५३ ची जोडी

घट्ट बसलेलं सोडवायला लोक हमखास फवारा मागतात तो डब्ल्यूडी-४०. सॅन दिएगोच्या रॉकेट केमिकल कंपनीने तो १९५३ मध्ये बनवला तो ॲटलस क्षेपणास्त्राचा पत्रा गंजू नये म्हणून. पाणी हटवणारं मिश्रण शोधताना चाळिसाव्या प्रयत्नाला यश आलं, म्हणून नावात ४०. याचा मूळ धर्म पाणी हटवण्याचा. फार जाम झालेल्या आट्यांसाठी खास झिरपणारं तेल वेगळं मिळतं, ते घ्या.

आणि त्याच १९५३ मध्ये अमेरिकेतच व्हर्नन क्रीबल या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांनी हवा मिळेनाशी झाली की घट्ट होणारा द्रव शोधला. बाटलीत पातळ, आट्यांत गेला की दगड. हेच ते लॉकटाइट. एक बोल्ट सोडवणारा, दुसरा न सुटू देणारा, आणि दोघं एकाच वर्षाचे! लाल लॉकटाइट लावलेला बोल्ट नुसत्या जोराने सुटत नाही, त्याला अडीचशे अंशांच्या आसपास तापवावं लागतं.

अकोल्याचा हिरडा आणि गंजाची शाई

ही माझी सगळ्यात आवडती गोष्ट. पत्र्यावरचा गंज जागच्या जागी थोपवणारे जे काळपट द्रव बाजारात मिळतात, त्यांपैकी अनेकांत टॅनिन असतं. टॅनिन गंजातल्या लोखंडाला धरून निळसर काळा, टिकाऊ थर बनवतं. आता टॅनिन भरपूर कशात असतं? हिरड्यात. आणि हिरडा कुठे? हरिश्चंद्रगड-रतनगडाच्या जंगलात. तिथल्या महादेव कोळी आणि इतर आदिवासी कुटुंबांना तो गोळा करून वर्षाची चार पैशांची आमदनी होते. बाळहिरडा औषधाला जातो, मोठा हिरडा कातडी कमावायला. हिरडा आणि हिराकस एकत्र करून पूर्वी काळी शाई बनवत, तिचं रसायनशास्त्रही हेच, टॅनिन अधिक लोखंड. ज्या डोंगरात गाड्या गंजतात, त्याच डोंगरात गंजावरचा उतारा झाडाला लटकतो आहे. एखाद्या बचत गटाने किंवा अभियांत्रिकी महाविद्यालयाने हे मनावर घ्यावं, असं मला फार वाटतं.

स्टेनलेसचा मोह

“गंजतोच तर सगळे स्टेनलेसचे टाका!” हा सल्ला गॅरेजात सर्रास मिळतो. जरा थांबा. बाजारातला नेहमीचा स्टेनलेस बोल्ट ए२-७० जातीचा असतो, म्हणजे ताकद ७००, तर ८.८ ची ८००. शिवाय स्टेनलेसचे आटे स्टेनलेसच्या नटात कोरडे आवळले तर एकमेकांना चिकटतात आणि नवाकोरा बोल्ट पहिल्याच दिवशी जाम होतो. दिव्यांच्या, आरशांच्या, पायरीच्या बोल्टांना स्टेनलेस जरूर लावा, आट्यांना ग्रीस लावून. बॉडी आणि सीट बेल्टच्या बोल्टांना मात्र कंपनीने दिलेली ग्रेडच हवी. तिथे तडजोड नको म्हणजे नको.

जस्ताचा मुलामा दिलेले बोल्टही दोन तऱ्हेचे. चकचकीत बोल्टावरचा थर पाच-बारा मायक्रॉनचा, तर वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेल्या खडबडीत बोल्टावरचा पन्नासच्या घरात. दिसायला ओबडधोबड, टिकायला भारी. जुने १०.९ चे बोल्ट गंज काढायला तीव्र आम्लात बुडवणं मात्र धोक्याचं. आम्लातून सुटलेला हायड्रोजन पोलादात शिरतो आणि कडक बोल्ट अचानक काडकन तुटू शकतो.

दहातले नऊ वाया

पान्यावर आपण जो जोर लावतो, त्यातला साधारण नव्वद टक्के घर्षणात जातो. निम्मा डोक्याखाली, चाळीसेक टक्के आट्यांत. बोल्ट प्रत्यक्ष ताणायला उरतो फक्त दहावा हिस्सा. आणि बोल्ट घट्ट राहतो तो या ताणामुळेच, स्प्रिंगसारखा. म्हणूनच गंजलेल्या आट्यांवर पाना कितीही करकरला तरी बोल्ट खरा आवळलेला नसतो. उलट आट्यांना ग्रीस लावलं की तेवढ्याच जोरात ताण भलताच वाढतो आणि बोल्ट तुटू शकतो. ग्रीस किंवा तांब्याची पेस्ट लावणार असाल तर जोर थोडा कमी करा, आणि टॉर्क पाना असेल तर तोच वापरा.

तोंडी लावायला

गंजाचं जगाला वर्षाला किती बिल येतं? २०१६ च्या एका जागतिक अहवालानुसार अडीच लाख कोटी डॉलर, जगाच्या एकूण उत्पन्नाच्या ३.४ टक्के.

गंजत नाही अशी नगरची वस्तू पाहायची असेल तर विजापूरला जा. मलिक-ए-मैदान ही ५५ टनांची तोफ १५४९ मध्ये नगरला ओतली गेली, आणि ती काशाच्या जातीच्या मिश्रधातूची असल्याने तिला तांबडा गंज चढत नाही.

वाहनांची चाचणी घेणारी संरक्षण खात्याची व्हीआरडीई ही संस्था नगरलाच आहे. लष्करी गाड्यांबरोबर खासगी गाड्यांच्याही चाचण्या तिथे होतात.

जोंगा हे नाव जबलपूरच्या कारखान्याच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांतून आलं. मूळ आराखडा निसानचा, आणि १९६९ ते १९९९ अशी तीस वर्षं ती लष्करासाठी बनली.

रबराच्या बुशला जुनं इंजिन ऑईल लावणारे बरेच आहेत. कृपा करून लावू नका. खनिज तेलाने रबर फुगतं आणि मऊ पडतं. बसवताना साबणाचं पाणी लावा, काम भागतं.

हात घालणार असाल तर

सगळे बोल्ट एकदम काढू नका. एका बाजूचे काढा, दुसऱ्या बाजूचे नुसते ढिले ठेवा. जॅकखाली फळी ठेवून बॉडी दोन-तीन इंचच उचला. उचलताना स्टिअरिंगचा दांडा, ब्रेकच्या नळ्या, डिझेल भरायचा पाइप, रेडिएटरचं कव्हर आणि अर्थिंगची पट्टी ताणली जात नाही ना, हे एकाने सतत पाहत राहायचं. बॉडीखाली हात घालायच्या आधी लाकडी ठोकळे लावा, नुसत्या जॅकच्या भरवशावर राहू नका. रबर, नळी, वायसर, नट, बोल्ट हे पाचही एकदम बदला. जुन्या नळीत नवा बोल्ट घालणं म्हणजे पुढच्या पावसाळ्यात तेच काम पुन्हा करणं. सगळं झाल्यावर शे-दोनशे किलोमीटर गाडी चालवा आणि सगळे बोल्ट पुन्हा एकदा तपासा, कारण नवं रबर थोडं बसतं.

पाऊस ओसरला की दसऱ्याला आपण गाडीला हार घालतो, हत्यारांची पूजा करतो. यंदा हार घालायच्या आधी गाडीखालचा चिखल पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुऊन काढा, एक बॅटरी घेऊन खाली झोपा आणि बॉडीचा प्रत्येक बोल्ट नीट पाहा. एखादा लाल दिसला, तर तो सणाआधीच बदलून घ्या.